ट्रिगर गार्ड घरी बसवतोस? आधी पुढच्या बोल्टचे आटे मोज

या वेळचं पत्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतनं आलंय. थोडं कापून देतो:

"ताई, माझ्याकडं ०.१७७ ची ब्रेक बॅरल एअर रायफल आहे, स्प्रिंगवाली, लायसन लागत नाही ती. गेल्या महिन्यात गाडीवरनं नेताना पडली आणि प्लास्टिकचा ट्रिगर गार्ड मधनं चिरला. ऑनलाइन ॲल्युमिनियमचा लाल गार्ड मागवला, त्यावर 'सगळ्या मॉडेलला बसतो' असं लिहिलंवतं. आता पुढचं भोक जुळतंय पण मागचं दीडेक मिलिमीटर पुढं येतंय. कानस मारून बसवू का? का थोडे दिवस गार्ड न लावताच वापरू? बाबा म्हणतात उद्यमनगरात दे कुणा वर्कशॉपवाल्याकडं, मित्र म्हणतो रायफलीत बदल केला की पोलिसांचं लफडं होतंय. काय करू सांगा."

भावा, आधी उत्तर देतो, मग गप्पा. गार्ड न लावता वापरायची नाही, एक दिवस पण नाही. कानस चालेल, पण फक्त मागच्या भोकाला, पुढच्याला हात लावायचा नाही. आणि पोलिसांचं टेन्शन गार्डपायी घेऊ नको, त्याचं कारण वेगळं आहे, ते शेवटी बघू. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: होय, मी बाईच आहे, कोल्हापूरच्या पोरी 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात, दर वेळी ईमेल करून विचारू नका.)

आता तू विचारलंयस घरी बसवू का, तर बसव की, रॉकेट सायन्स नाही ते. पण तुला वाटतंय की गार्ड म्हणजे बोट अडकू नये म्हणून ट्रिगरभोवती लावलेली पट्टी, आणि घोटाळा तिथंच आहे. तुझ्यासारख्या बऱ्याच स्प्रिंगवाल्या रायफलींत गार्डाला दोन स्क्रू असतात आणि ते दोन्ही सारखे दिसले तरी सारखे नसतात. मागचा असतो साधा लाकडाचा स्क्रू, तो स्टॉकच्या, म्हणजे खांद्याला लावतो त्या दस्त्याच्या लाकडात जातो आणि गार्डाची शेपटी धरून ठेवतो, बस्स. पुढचा मात्र बोल्ट असतो, मशीनच्या आट्यांचा, तो गार्डातनं, लाकडातनं पार वर जाऊन ट्रिगरच्या लोखंडी ब्लॉकात बसतो. म्हणजे पुढं दोन्ही बाजूचे दोन स्क्रू आणि हा एक, एवढ्या तिघांवर अख्खी रायफल लाकडाला धरलेली असते. तू गार्ड काढून तो बोल्ट तसाच आवळलास तर त्याचं डोकं लाकडात रुतणार, आणि गार्डाच्या जाडीएवढा बोल्ट आत जास्त घुसणार, तिथं ट्रिगरची आणि सेफ्टीची (बार चुकून सुटू नये म्हणून असलेल्या खटक्याची) नाजूक मंडळी बसलेली असतात. बोल्ट लावलाच नाहीस तर मागची बाजू मोकळी. दोन्हीकडनं वाट लागते. आणि ट्रिगर उघडा राहतो ते वेगळंच. बॅरल मोडली, म्हणजे नळी बिजागरीवर खाली वाकवली, की स्प्रिंग दाबून बसते, मग शर्टाची बाही, पिशवीचा बंद, काय पण ट्रिगरला पुरतं.

मी हे एवढं जोर देऊन का सांगतो, तर माझ्याकडनं हेच झालंय. तेव्हा बारावीत होतो. गार्ड बदलला, पुढचा बोल्ट जरा गंजलेला दिसला म्हणून डब्यातला दुसरा घातला, आटे तेच, लांबी दोन मिलिमीटर जास्त. कोण बघतंय दोन मिलिमीटर. आवळताना शेवटी जरा कडक लागलं, मला वाटलं वा, मस्त बसला. बॅरल मोडली, छर्रा घातला, सेफ्टी पुढं ढकलायला गेलो तर ती हलेचना. रायफल भरलेली, स्प्रिंग दाबलेली, आणि मी परड्यात एकटा. बाबांना हाक मारली. बाबा टर्नर, उद्यमनगरात जन्म गेला त्यांचा. त्यांनी माझ्या हातातनं रायफल घेतली, नळी मातीच्या ढिगाकडं केली, तशीच धरून तो बोल्ट अर्धा आटा सैल केला, सेफ्टी टक् करून सुटली, मग मातीत एक बार काढला आणि रायफल कॉटवर ठेवली. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "किती आटे बसत होता जुना?" मला काय माहीत. त्या दिवसापासनं कुठला पण बोल्ट काढताना मी आटे मोजतो.

तर तुझं काम तिथनंच सुरू होतं. नवा गार्ड अजून बाजूला ठेव. रायफल रिकामी आहे हे डोळ्यानं बघ, म्हणजे बॅरल अर्धवट मोड, नळीतनं उजेड दिसतो का बघ, आणि स्प्रिंग दाबलेली नाही याची खात्री कर. दाबलेली असेल तर छर्रा घालून बार काढून मोकळी कर, पण छर्रा न घालता कधीच नाही, पुढं हवेची गादी नसली तर स्प्रिंगनं ढकललेला पिस्टन टोकावर आदळतो आणि सील नाहीतर स्प्रिंग जाते. आणि दाबलेल्या स्थितीत लाकडापासनं वेगळी करायची तर अजिबात नाही, बाबांनी तेव्हा बोल्ट अर्धा आटा सैल केला ते पण नशीबच.

मग जुन्या गार्डाचा पुढचा बोल्ट सैल कर, आणि तो पूर्ण बाहेर येईपर्यंत फेरे मोज. समज सहा आले. कागदावर लिही. मग व्हर्नियर कॅलिपरनं जुन्या गार्डाची बोल्ट बसतो तिथली जाडी मोज, नव्याची पण मोज. पट्टीनं नको, पट्टीनं अर्धा मिलिमीटर इकडं तिकडं होतो आणि इथं अर्ध्या मिलिमीटरलाच किंमत आहे. समज जुना अडीच भरला आणि नवा चार. म्हणजे नव्या गार्डात बोल्ट दीड मिलिमीटर कमी आत जाणार. एम ६ चा, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा, बोल्ट असेल तर एका आट्याला एक मिलिमीटर, म्हणजे सहाच्या जागी साडेचारच आटे धरणार. एम ५ असेल तर आटा ०.८ चा, तिथं जवळजवळ दोन आटे गेले. साधा हिशोब हा की बोल्ट जेवढा जाड तेवढा तरी आत बसायला पाहिजे, सहाचा बोल्ट सहा मिलिमीटर. नाहीतर चार दिवस धरतो आणि मग ब्लॉकातले आटे घेऊन बाहेर येतो, ते दुखणं गार्डापेक्षा महाग.

मग लांब बोल्ट लागणार. जुना बोल्ट खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा, तिथंच त्यावर नट फिरवून बघ, सगळ्या रायफलींना मिलिमीटरचेच आटे असतात असं नाही. बोल्टचं डोकं पण बघ, खाली शंकूसारखं निमुळतं आहे का सपाट, नव्या गार्डातला खळगा त्याच आकाराचा पाहिजे. पाहिजे ती लांबी मिळणार नाही, एम ६ मध्ये १६ नंतर एकदम २०, मग २५, असंच मिळतं. मोठा घे आणि काप. कापायच्या आधी त्यावर एक नट चढव, मग हॅक्सॉनं काप, टोक कानशीनं साफ कर, आणि नट उलटा फिरवत काढ, त्यानं कापताना मोडलेले आटे सरळ होतात. हे माझ्या बाबांचं शिक्षण, कुठल्या व्हिडिओत बघितलं नाही मी.

आता तुझं मागचं भोक. दीड मिलिमीटर म्हणजे कानशीच्या हद्दीतलं काम आहे, तीन असतं तर म्हटलो असतो पार्सल परत पाठव. गार्डाचं भोक पुढं येतंय म्हणजे ते मागच्या बाजूला, दस्त्याकडं लांबट करायचं. पण आधी बघ भोकाच्या मागं गार्डाचं टोक किती उरतंय, तिथं तीनएक मिलिमीटर धातू शिल्लक राहत नसेल तर सोडून दे. बारीक गोल कानस घे, तिच्यावर शाळेचा पांढरा खडू घास, ॲल्युमिनियम कानशीच्या दातात चिकटतं ते चिकटत नाही. चार हात मारले की लावून बघ, परत चार हात. फक्त भोक लांबट करून भागत नाही, स्क्रूचं डोकं बसायचा खळगा पण तेवढाच मागं न्यायला लागतो, नाहीतर डोकं एका काठावर चढतं आणि स्क्रू तिरका जातो. लाल रंग तिथला जाणार, जाऊ दे, डोक्याखाली झाकतो.

तू विचारशील, मग लाकडातच दीड मिलिमीटर पलीकडं दुसरं भोक का नको पाडू? पडणार नाही. ड्रिल सरकून जुन्याच भोकात जाणार, दोन्ही मिळून एक भोकसं होणार. जुनं भोक सैल झालं असेल तर आगपेटीच्या काड्या, गूल काढून, फेविकॉलात बुडवून ठोक, वरच्या वर छाट, रात्रभर राहू दे, सकाळी स्क्रू घाल. पावसाळ्यात रात्रभर पुरत नाही, दोन दिवस दे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पिऊन फुगतं हे तसंही लक्षात ठेव, दिवाळीला आवळलेला बोल्ट श्रावणात वेगळा लागतो.

पुढच्या भोकाला का हात लावायचा नाही ते आता कळलं असेल. तो बोल्ट जागा ठरवतो. ते भोक लांबट केलंस तर गार्ड बारामागं बार सरकणार, स्प्रिंगवाल्या रायफलीचा झटका दोन्हीकडनं असतो, आधी मागं आणि पिस्टन थांबला की पुढं, त्या ओढाताणीत सैल असेल ते सगळं हलतं. आणि हललं की नेम गेला. तू म्हणशील मी काय मॅच खेळत नाही. नसशील खेळत, पण दहा मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचारचा, तर ह्या खेळात सैल स्क्रू म्हणजे काय ते समजायला मॅच लागत नाही. त्यात तू कोल्हापूरचा. तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला जागतिक स्पर्धेचं सोनं मारलं, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला, आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ४५१.४ गुण करून ब्राँझ. त्यांच्या रायफली पिस्तुलं वेगळी, लाखातली, तुझी माझी तशी नाही. पण दुधाळीच्या शूटिंग रेंजवर सिरियस पोरं येऊन पहिलं काय करतात बघ, स्क्रू तपासतात.

बसवायच्या आधी अजून एक, ह्याला फार लोक हसतात पण कामाचं आहे. घरात काजळ असेल ते घे. गार्डाची जी बाजू लाकडाला टेकते तिला काजळाचा एकदम पातळ हात मार, गार्ड जागेवर ठेव, बोटानं दाब, उचल. लाकडावर जिथं काळं उठलं तिथंच तो टेकतोय. दोन्ही टोकांना उठलं तर ठीक. फक्त मधे उठलं आणि टोकं कोरी, तर गार्ड डुलतोय, तू आवळलास की तो वाकणार नाहीतर लाकूड दबणार. जिथं उंच आहे तिथलं गार्डाचंच ॲल्युमिनियम घास, लाकूड नको, लाकूड परत येत नाही. वर्कशॉपमध्ये हेच निळ्या रंगानं करतात.

आता लाव. बोल्टच्या आट्यांवरचं तेल पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब, एकच, आणि फक्त पुढच्या बोल्टला. लाल घेऊ नको, तो काढताना तापवायला लागतो, लाकडात बसलेला बोल्ट तापवणार कुठं. ट्रिगरचा भाग प्लास्टिकचा असेल तर थेंब पण नको, काही प्लास्टिकं त्यानं तडकतात. आधी दोन्ही स्क्रू हातानं टेकव, मग पुढचा आवळ, मग मागचा. छोट्या एलन कीच्या आखूड बाजूला बोटांनी जेवढं पिळवतं तेवढं बास, पाईप घालून जोर लावायचा नाही, लाकूड आहे ते, क्रँकशाफ्ट नाही. स्क्रू ड्रायव्हरचा असेल तर पातं खाचेत गच्च बसणारं घे, नाहीतर घसरून लाकडावर अशी रेघ ओढतं की जन्मभर बघत बसशील.

फेरे मोजलेस ना? जुने सहा, नवे सहा साडेसहा, ठीक. मधेच कडक लागलं तर थांब, माझी सेफ्टी आठव.

मग आत बोट घाल. ट्रिगरच्या पुढं मागं दोन्हीकडं जागा आहे का, ट्रिगर पूर्ण मागं जाऊन आपोआप परत येतो का, गार्डाच्या आतल्या काठाला कुठं घासत नाही ना. काही मॉडेलांत ट्रिगरचं वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, कमी जास्त करायचा स्क्रू गार्डातल्या भोकातनं दिसतो, तुझ्या जुन्या गार्डाला तसं भोक होतं का बघ. 'सगळ्या मॉडेलला बसतो' वाल्या गार्डाला ते नसणारच. नसलं तर चालतं, फक्त पुढच्या वेळी ट्रिगर सेट करायला गार्ड काढायला लागेल.

टेस्ट टेरेसवर नाही. छर्रा पत्र्यावरनं, टाकीवरनं उसळून कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. मोठं खोकं, आत जुनी मासिकं गच्च, मागं भिंत, मधे माणसं यायची वाट नाही अशी जागा, आणि डोळ्याला चष्मा. छर्रा घाल, सेफ्टी लाव, नळी खोक्याकडं ठेवून ट्रिगर दाब. सुटायला नाही पाहिजे. रिकामी ठेवून ही टेस्ट करायची नाही, सुटलीच तर पिस्टन आदळेल, म्हणून छर्रा घालून आणि खोक्याकडं तोंड करूनच. मग सेफ्टी काढून बार काढ. पाच, दहा. मग बोल्टच्या डोक्यावरनं गार्डावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढ, बहिणीची घे विचारून. पंचवीस बारांनी बघ, रेघ तुटली असेल तर बोल्ट फिरलाय. पुढचे बाजूचे दोन स्क्रू पण त्याच वेळी बघ, सगळ्यात आधी तेच सैल होतात.

आता मित्राचं लफडं. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे एअर रायफल लायसनमध्ये येते ती बोअर, म्हणजे नळीचं भोक, ०.१७७ इंचाच्या वर गेला तर किंवा ताकद २० ज्यूलच्या वर गेली तर. गार्डानं ह्यातलं काही बदलत नाही. पण हाच मित्र उद्या म्हणेल, उघडलीच आहेस तर हेवी स्प्रिंग टाकूया, तिथं मात्र नाही म्हण. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरनं सुटला तर १९.६ ज्यूल भरतात, म्हणजे हद्द किती जवळ आहे बघ. त्यात ती स्प्रिंग सोडवायला प्रेस लागतो, हातानं मागची पिन काढलीस तर ती तोंडावर येते. आणि कुणाची लायसनची बंदूक असेल, गावाकडं काकांकडं वगैरे, तिच्या गार्डाला तू हात लावू नकोस, आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल हे परवानावाल्याचं काम आहे. पोलिसांचं टेन्शन घ्यायचं ते गाडीवरनं नेताना. उघडी रायफल पाठीला लावून रंकाळ्यावरनं गेलास तर कुणी पण फोन करेल, आणि बरोबरच करेल. बंद कव्हर घे, बिलाची झेरॉक्स त्यातच ठेव. कव्हर असतं तर ती पडल्यावर गार्ड पण वाचला असता. खारी, पोपट ह्यांच्यावर नेम धरायचा नाही हे सांगायला लागू नये, वन्यजीव कायदा १९७२ पासनं आहे.

तुझ्या बाबांचं उद्यमनगर पण चूक नाही बरं. कानशीचं काम जमलं नाही, किंवा लाल रंगाचा कंटाळा आला, तर चिरलेला जुना गार्ड फेकू नको. तोच नमुना. दोन्ही तुकडे चिकटवून, भोकांतलं अंतर कागदावर लिहून, जुना बोल्ट आणि स्क्रू एका डबीत घालून ने. लेथवाल्याला रायफल दाखवायची पण गरज नाही, त्याला माप लागतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीतनं वाकवून, भोकं मारून देईल. फक्त पट्टी जुन्या गार्डाच्या जाडीचीच घे म्हणावं, मग तुला बोल्ट बदलायला लागणार नाही.